पहाटेपर्यंत कोणी उठलं नाही

नागभीड
२० ऑक्टोबर १९८६

श्रीहरी,

जयभीम.

टीव्ही घेतला. दुकानदारानं बिलावर लिहिला तो आकडा सोड, खरा खर्च मी सांगतो. अँटेना उंच पायजे म्हणून मंडपाचे सगळ्यात लांब बांबू एकावर एक बांधले, म्हणजे एका लग्नाची ऑर्डर गेली. ते बांबू उभे करायला आपला लच्छू कौलांवर चढला आणि न्हाणीत उतरला, म्हणजे न्हाणीचं छप्पर गेलं. आता रोज संध्याकाळी अर्धी गल्ली ओसरीत बसते, म्हणजे साखर गेली. तुझी वहिनी भागीरथा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तो फायदा धरून मी खर्चातून वजा केला आहे.

एवढं करून चित्र दिसत नाही. नागपूर लांब पडते. पडद्यावर सारखं कोणीतरी धान पाखडून राह्यलं असं वाटते, त्या फोलपटात माणूस कोणता नि म्हैस कोणती ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आवाज मात्र खणखणीत. माझं त्यावाचून अडत नाही. भोंगा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस मी, पोट कानानंच भरलं. डोळे मिटून बसतो आणि सगळ्यांपेक्षा चांगला टीव्ही पाहतो.

आता कामाचं. पिंपळटोल्याचे वारलू पाटील आले होते. पौषातल्या शंकरपटाच्या रात्रीचं नाटक आपलं, हे तू लहान होतास तेव्हापासून ठरलेलं. बैलं पळाली की माणसांनी नाटकाला बसायचं. पाटील सुपारी कातरत म्हणाले, "मुखरूभाऊ, यंदा पोट्टे म्हणून राह्यले का व्हिडिओ आणू. एका रात्री तीन पिक्चर."

म्हटलं, "पाटील, पिक्चरमधली बाई तुमच्या हातचं बक्षीस घ्याले खाली येते का?"

"नाई येत. पण ते डायलॉगबी नाई विसरत."

शेवटी म्हणाले, "एक रात्र देतो. लोक पहाटेवरी बसले तं पुढच्या सालचीबी सुपारी तुमाले. मंधातच उठून गेले तं समजा, व्हिडिओ."

श्रीहरी, नदीपलीकडची सगळी गावं पिंपळटोल्याकडे पाहून ठरवतात. तिथं व्हिडिओ आला तर आपला पडदा मला मंडपाच्या कनातीला लावावा लागेल. कांता, लच्छू, झाडू, सगळे नट धानाच्या रोवणीच्या मजुरीला जातील. मला काळजी नाही असं नाही, पण एक सांगतो, माझ्या नाटकातून आजवर एकही माणूस पहाटेआधी उठून गेलेला नाही. साक्षीदार तू आहेस. विंगेत बसून तूच प्रॉम्प्टिंग करत होतास.

तू गेल्यापासून दादाजी करतो. उन्हाळ्यात त्यानं सगळे दात काढले. परवा एका गावी राजा, सेनापती आणि राजकन्या तिघंही बोबडं बोलले. लोकांना वाटलं एकाच खानदानातले.

तू टीव्हीच्या माणसांत राहतोस. लोक रोज संध्याकाळी त्या पेटीपुढे येऊन बसतात, ते असं काय लिहितात? परदेशात कसं लिहितात? सगळं कळव. नवं नाटक पायजे.

तुझा
मुखरू दोनाडकर
(मंडप, माईक व नाट्य मंडळ)


मुंबई
५ नोव्हेंबर १९८६

ती. मुखरूभाऊ,

सविनय जयभीम.

पत्र मिळाले. मी सध्या एका हिंदी मालिकेच्या लेखन विभागात आहे. कामाचा व्याप फार. तरीही आपण विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. आमचे साहेब नुकतेच परदेश दौरा करून आले आणि त्यांनी आम्हा सर्वांना बसवून तिकडची पद्धत समजावली.

अमेरिकेत एक माणूस मालिका लिहीत नाही. मोठ्या टेबलाभोवती दहा-बारा लेखक बसतात. एकाला हसवण्याचे काम, एकाला रडवण्याचे. सगळे भांडतात आणि भांडणातून एक भाग तयार होतो.

लंडनला एका गल्लीतल्या लोकांची मालिका वर्षानुवर्षे चालते. तिला शेवटच नाही. प्रत्येक भाग अशा जागी थांबतो की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. दारावर थाप पडते, दार उघडते, कोण आले ते पुढच्या वेळी.

जपानात सकाळी फक्त पंधरा मिनिटे दाखवतात. लोक पाहतात आणि कामाला जातात.

आणि भाऊ, रागावू नका, पण मुख्य फरक शिस्तीचा आहे. आपल्याकडे नट दुपारी एस.टी.तून उतरतात, तोंडाला रंग लावतात आणि विंगेतला माणूस जे वाचेल ते म्हणतात. तालीम नाही, पाठांतर नाही. इकडे असले काही चालत नाही. टीव्हीत प्रॉम्प्टर नावाचा प्राणीच नाही! मी पूर्वी ते काम करत असे हे इथे कोणाला सांगितलेले नाही. आपणही कुठे बोलू नये.

कांताबाई आणि वहिनींना नमस्कार.

आपला
श्रीहरी खोब्रागडे


नागभीड
२८ नोव्हेंबर १९८६

श्रीहरी,

तुझी अमेरिका करून पाहिली.

टेबल नव्हतं, स्टेजच्या पाट्यांचा चौरंग ओसरीत मांडला. भोवती लच्छू, झाडू, कांता, दादाजी, आणि स्वयंपाकाची बुधरी, कारण चहा तिलाच आणायचा होता तर म्हटलं बस. सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, "भांडा आणि लिहा."

भांडले झकास. लिहिलं ते ऐक.

झाडू सोळा वर्षं खलनायक करतो. त्याच्या कागदावर खलनायक दुसऱ्याच अंकात सुधारला, जमीन गरिबांना वाटली आणि नायिकेशी लग्न लावून मोकळा. मी विचारलं, "मंग वाईट कोण?"

"लच्छू," तो म्हणाला.

लच्छूच्या कागदावर राजा मरतच नाही. तीनदा मारतात, तीनदा उठतो, आणि दर वेळी अंगात नवा अंगरखा. कांतानं सात गाणी लिहिली आणि सासूचं काम काढून टाकलं. "सासू काऊन काढली?" तर म्हणे, "घरी हाये ना जी एक." दादाजीनं काय लिहिलं ते वाचून दाखवलं, पण दात नसल्यानं आम्हाला ते कळलं नाही, आणि त्याचं अक्षर तर त्यालाही कळत नाही.

सगळ्यात चांगलं बुधरीचं निघालं. तिच्या नाटकात फक्त लग्नाची पंगत होती. वांग्याची भाजी, झुणका, तांदळाची खीर, कोणी किती वाढून घेतलं, कोणी लाजून उपाशी उठलं. वाचून संपलं तसं सगळ्यांना भूक लागली आणि अमेरिकेची सभा तिथंच उठली.

जपानचं जमणार नाही. पंधरा मिनिटांत तर आमचा राजा मिशी चिकटवतो. आणि बैलगाडी जुंपून, लेकरं, घोंगड्या, चुरमुरे घेऊन लोक येतील, त्यांना पंधरा मिनिटांत काय म्हणून परत पाठवू?

मग एका दुपारी मीच बसलो. बुधरीची पंगत घेतली, कांताची चार गाणी घेतली, लच्छूला एकदाच मारलं. नाव ठेवलं 'रक्ताचा पाहुणा'. पंगत बसली आहे, नवरदेव घास उचलतो आहे, एवढ्यात तोंडावर फडकं बांधलेला एक माणूस मांडवात येतो आणि म्हणतो, "हा पोरगा माझा आहे." सगळे उभे राहतात. तो फडक्याला हात घालतो.

आता फडक्याखाली कोण आहे ते मलाच माहीत नाही. तिथं अडलो आहे. लंडनवाले असते तर काय करते?

मुखरू


मुंबई
१२ डिसेंबर १९८६

ती. मुखरूभाऊ,

जयभीम.

अडला नाहीत, भाऊ, पोचलात! लंडनवाले नेमके तिथेच थांबले असते. फडक्याला हात गेला की पडदा टाका. जाहीर करा, उरलेले पुढच्या साली. लोकांना वर्षभर झोप येणार नाही. वारलू पाटील सुपारी न देऊन जातील कुठे? व्हिडिओतल्या पिक्चरला शेवट असतो, तुमच्या नाटकाला नाही. हाच तुमचा हुकमाचा पत्ता. पुढचे अंक लिहूही नका, लिहिले की कोणीतरी फोडतो.

आमची मालिका जानेवारीत सुरू होते. दर गुरुवारी रात्री. आईचे काम कुमुदिनीदेवी करतात. फार मोठ्या अभिनेत्री. चित्र दिसत नसले तर ऐका. पाठांतर कशाला म्हणतात ते दादाजींनाही ऐकवा.

आपला
श्रीहरी


नागभीड
१९ जानेवारी १९८७

श्रीहरी, अरे श्रीहरी!

जिंकलो. पिंपळटोला जिंकला. लंडनचं नाणं आपल्या झाडीपट्टीत चाललं, पण कसं चाललं ते सगळं सांगतो, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

शंकरपटाला यंदा गर्दी दांडगी. नाटकाला मांडव भरून बाहेर शेतात माणूस. पंगतीच्या प्रवेशाला बुधरीनं खरीच खीर दिली, लच्छूनं स्टेजवर दोन वाट्या खाल्ल्या, लोकांनी 'वन्स मोअर' दिला, त्यानं तिसरी खाल्ली. कांताच्या गाण्यावर बक्षिसांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता माझा घसा बसला. मग तीनच्या सुमाराला फडकंवाला झाडू आला. "हा पोरगा माझा आहे." हात फडक्याला गेला. मी पडदा टाकला आणि माईकवर सांगितलं, "रसिकहो, उरलेलं पुढच्या साली!"

आधी कोणाला खरं वाटलं नाही. मग एक म्हातारी उठली आणि मला जे बोलली ते पत्रात लिहीत नाही. मग शिव्या, मग शिट्ट्या, मग लोक उठले. घोंगड्या झटकल्या, लेकरं खांद्यावर टाकली, बैलं जुंपली. पुढच्या गाड्या शेतातून वाटेला लागल्याही. पाटील माझ्याकडे न पाहता काठी घेऊन निघाले. मी विंगेत उभा. म्हटलं मुखरू, भोंगा उचल, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

आणि श्रीहरी, लोक परत आले! आधी चार गाड्या, मग सगळ्याच. म्हाताऱ्या, लेकरं, सोयरे, पाटीलसुद्धा. भराभरा आले आणि मुकाट मांडवात बसले, अगदी दाटीवाटीनं. फडक्याखाली कोण आहे हे पाहिल्याशिवाय पाय निघेना त्यांचा! पाटील पुढच्या खुर्चीत बसून ओरडले, "मुखरूभाऊ, चालू द्या! उजाडेवरी थांबू नका!"

पण चालू काय द्यायचं? पुढं लिहिलेलंच नव्हतं. तूच सांगितलं होतंस लिहू नका म्हणून. दादाजीनं कोरा कागद पाहिला आणि कनातीखालून निघून गेला. मग मी विंगेत बसलो. पुस्तक नाही, काही नाही, जे सुचेल ते नटांना सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं.

आपले नट तुला माहीत आहेत. विंगेतून जे येईल ते नेमकं म्हणतात, कमी नाही, जास्त नाही. माझा घसा पार गेलेला. मी मागं वळून बुधरीला म्हटलं, "चहा आण." लच्छू राजानं तलवार उपसून गर्जना केली, "चहा आण!" बुधरी बिचारी खरंच कपबशी घेऊन स्टेजवर आली. आता काय करायचं? मी म्हटलं, "हिला ओळखलं का? ही नवरदेवाची आई!" लच्छू म्हणाला, "हिला ओळखलं का? ही नवरदेवाची आई!" मांडव टाळ्यांनी फुटला. बुधरी लाजून उभी, हातातला चहा सांडत, आणि बाया पदरानं डोळे पुसून राह्यल्या. मग मला काय, वाटच सापडली. झाडूनं फडकं सोडलं. तो निघाला बुधरीचा हरवलेला नवरा. सोळा वर्षांत पहिल्यांदा झाडू शेवटी चांगला निघाला, तो खरंच रडला, त्याला मी सांगितलंसुद्धा नव्हतं. मग मी म्हटलं, "अरे बस कर, गाणं घे," तर तेही लच्छूनं म्हटलं, आणि कांतानं गाणं घेतलं. असं उजाडेपर्यंत. एक माणूस हलला नाही.

पाटलांनी सकाळी पुढच्या सालची सुपारी हातावर ठेवली. बस, आता एकच बोलतो, आपलं नाटक सोडून जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी नागभीडच्या स्टेशनावर, बाजारात आणि सलूनमध्ये सांगून ठेवलं आहे.

त्या रात्री विंगेत तुझी आठवण आली. आणि त्यावरून एक.

गुरुवारी तुमची मालिका ऐकली. कुमुदिनीदेवी छान रडतात. पण त्या "बेटा" म्हणायच्या आधी कोणीतरी दबक्या आवाजात "बेटा" म्हणतं. त्या "तेरे पिताजी" म्हणायच्या आधीही. वाक्य मोठं असलं की तो माणूस मध्येच नाकानं श्वास ओढतो, सूं करून. भागीरथा म्हणाली, "टीव्ही बिघडला, सूं सूं करून राह्यला."

मी म्हटलं, "नाई. आपला श्रीहरी बोलून राह्यला."

लेका, पाच वर्षं तो श्वास माझ्या विंगेत ऐकला आहे. घाबरू नको, मी कोणाला बोललो नाही. फक्त भागीरथाला बोललो, म्हणजे नागभीडला माहीत आहे.

तुझा
मुखरूभाऊ


मुंबई
३ फेब्रुवारी १९८७

मुखरूभाऊ,

कान हायेत का काय जी तुमचे! इथं साऊंडवाल्यालेबी नाई समजलं आजवरी.

आता लपवून काय करू. मले ठेवलं होतं संवाद सुवाच्य अक्षरात उतरवून काढाले, म्हणून लेखन विभाग. पहिल्याच दिवशी कुमुदिनीदेवी एका वाक्यावर अडल्या. मोठ्या बाई, कोणी बोलेना. मी सोफ्याच्या मागं कागद घेऊन उभा होतो, सवयीनं तोंडातून वाक्य निघून गेलं. त्यांनी ते उचललं आणि अशा रडल्या का लाइटवालाबी रडला. साहेबानं विचारलं, सोफ्याच्या मागं कोण हाये? तेव्हापासून मी सोफ्याच्याच मागं हाये. जेवणाचा सीन असला का टेबलाखाली. एकदा पाळण्यात झोपलो होतो.

आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून मुद्दाम लपवली. साहेबानं मेक्सिकोचंबी सांगितलं होतं. तिथं मालिका रोजची, पाठ कराले वेळ नाई. तं नटाच्या कानात लहानशी गुंडी घालतात, आणि एक माणूस बंद खोलीत बसून सगळ्यायचे संवाद वाचते. रडा म्हटलं का रडतात, उजवीकडं जा म्हटलं का जातात. तिथल्या मालिका देशोदेशी दाखवतात. म्हणजे भाऊ, अर्धी दुनिया जे पाहून रडते ते विंगेतल्या माणसाचंच बोलणं! साहेब हे सांगत होते तेव्हा मले दादाजीच दिसले, कोट घालून. तुमाले कळवलं असतं तं तुमी भोंग्यावरून पंचक्रोशीत सांगितलं असतं, म्हणून नाई कळवलं.

आता सांगा बिनधास्त. शिमग्यापर्यंत इथलं शूटिंग बंद हाये. दादाजीचे दात बसेवरी उरलेल्या नाटकायले मी येतो. सोफ्यामागं लय पाय आखडते, विंगेत निदान मांडी घालता येते.

एक विचारू? ते लोक परत आले, तेच मले समजून नाई राह्यलं. आपले लोक एकदा बैल जुंपले का कोणाच्या बापाले ऐकत नाईत. आणि पाटील तं कधीच शेवटपर्यंत बसत नाईत. मी पाच साल पाह्यलं, दोन वाजता उठून नाल्यापलीकडं घरी जाऊन झोपतात. यंदा काऊन बसले? बरोबर विचारून ठेवा. लंडनचं एवढं चालते तं मी साहेबालेबी सांगीन.

जयभीम.
श्रीहरी


नागभीड
१४ फेब्रुवारी १९८७

श्रीहरी,

जयभीम. ये. गाडीची वेळ कळव, लच्छूला स्टेशनावर पाठवतो. दादाजीला मेक्सिकोचं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पगारवाढ आणि कोट मागितला. बुधरीनं स्वयंपाक सोडला आहे, ती आता आईचं काम करते, त्यामुळे चहा मी करतो. 'रक्ताचा पाहुणा'ला आणखी दोन गावांची मागणी आली, आणि दोन्हींची अट एकच, राजानं "चहा आण" म्हणायलाच पायजे.

पाटील परवा बाजाराला आले तेव्हा दुकानात बसवून विचारलं.

म्हटलं, "पाटील, खरं सांगा. नाटक आवडलं म्हणून पुढची सुपारी दिली ना?"

म्हणाले, "हो जी. वीस सालापासून नाटक आणून राह्यलो, शेवट कधीच नाई पाह्यला. यंदा पाह्यला. बाई चहा घेऊन येते ते तं लय भारी. व्हिडिओत असं कुठी हाये?"

"मंग यंदाच काऊन बसले शेवटवरी?"

पाटील एवढे हसले की त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. "तुमाले माहीतच नाई का जी, मुखरूभाऊ? सगळ्या नागभीडले सांगत फिरून राह्यले तुमी, आमाले वाटलं का गंमत करता!"

सुपारी पक्की आहे. पाटलांनी पुन्हा हात दिला. तरी तू साहेबाला काही सांगण्याआधी हे वाच.

त्या रात्री नाल्याच्या वाटेवर वाघीण बसली होती, दोन पिल्लं घेऊन. पहिली गाडी तिला पाहून परत फिरली, मागोमाग सगळ्या, आणि वाघीण उजाडल्यावर उठून गेली.

मुखरू